साठीच्या आसपास लांब पल्ल्याची सायकल : इंदूरच्या रस्त्यांवर आणि घरच्या वेळापत्रकात बसणारा सराव

पन्नाशी-साठीत शंभर-दोनशे किलोमीटर सायकल चालवायचे मनात आले की माणूस प्रथम गुडघ्यांची चौकशी करतो आणि मग सायकलींच्या किमतींची. सरावासाठी आठवड्यातले सात-आठ तास कुठून काढायचे हा प्रश्न तो सर्वांत शेवटी विचारतो, आणि बहुतेकांचा बेत तिथेच मोडतो. या वयाची माणसे मोकळी असतात हा समज बाहेरच्यांचा आहे. नोकरी संपली तरी नातवंडांची शाळा, घरातल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांच्या आई-वडिलांचे औषधपाणी, लग्नसराई आणि बँकेची कामे यांनी दिवस भरलेला असतो. ज्यांची नोकरी अजून चालू आहे त्यांची तर सर्वाधिक जबाबदारीची वर्षे हीच असतात. म्हणून या लेखात वेळेच्या आखणीला सर्वांत जास्त जागा दिली आहे. ज्याला आज सपाट रस्त्यावर तासभर न थांबता सायकल चालवता येते, अशा इंदूरकराने पाच-सहा महिन्यांत २०० किलोमीटरपर्यंत कसे पोहोचावे, ते येथे क्रमाने सांगितले आहे.

लक्ष्य ठरवा आणि त्याचे गणित मांडा

उतारवयात लांब पल्ल्याकडे वळणाऱ्याला ‘ब्रेव्हे’ हा प्रकार फार सोयीचा आहे. ऑडॅक्स क्लब पारिसियाँ या फ्रेंच संस्थेच्या नियमांनुसार ब्रेव्हे जगभर होतात आणि भारतात त्यांचे काम ऑडॅक्स इंडिया रँडोनर्स ही संस्था पाहते. ही स्पर्धा नसते, तिच्यात पहिला-दुसरा क्रमांक नसतो. ठरलेल्या मार्गावरचे टप्पे ठरलेल्या वेळेत पार करायचे एवढेच असते. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २० तास, ४०० साठी २७ तास आणि ६०० साठी ४० तास मिळतात. वयाला वरची मर्यादा नाही, तशी वयाची सवलतही नाही. तिशीतल्या मुलाला जेवढे तास, तेवढेच पासष्टीच्या गृहस्थांना.

या साडेतेरा तासांकडे नीट पाहावे. ताशी १८ किलोमीटर वेगाने चाललात तर २०० किलोमीटरला अकरा तास सात मिनिटे लागतात, आणि थांबे, जेवण, पंक्चर यांसाठी जवळजवळ दोन तास तेवीस मिनिटे उरतात. वेग २० ठेवता आला तर साडेतीन तास हाताशी राहतात. म्हणजे या वयात वेग वाढवण्याच्या मागे लागण्यापेक्षा १८-१९ चा वेग दिवसभर टिकवणे आणि थांब्यांवर वेळ न घालवणे, या दोन गोष्टी साधल्या तरी काम होते. चहाच्या टपरीवर ‘पाच मिनिटे’ म्हणून बसलेला माणूस पंचवीस मिनिटांनी उठतो, आणि असे पाच थांबे झाले की जवळजवळ सगळी शिल्लक संपते. सरावात वेगाची नोंद ठेवतो तशीच थांब्यांच्या मिनिटांचीही नोंद ठेवावी.

ज्यांना ब्रेव्हेत रस नाही त्यांनी इंदूर-उज्जैन-इंदूर, म्हणजे सुमारे ११० किलोमीटर, हे लक्ष्य धरावे. आखणीत फरक पडत नाही. पहिले तीन-साडेतीन महिने दोघांचेही सारखेच असतात.

वयाने काय कमी होते आणि काय होत नाही

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी ५५ ते ७९ वयाच्या १२५ हौशी सायकलस्वारांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. निवडीची अट अशी होती की पुरुषाला १०० किलोमीटर साडेसहा तासांच्या आत आणि स्त्रीला ६० किलोमीटर साडेपाच तासांच्या आत पूर्ण करता यावेत. म्हणजे ही सगळी माणसे आपल्यासारख्याच बेताच्या वेगाने चालणारी होती. त्यांच्यात वयाबरोबर स्नायूंचे प्रमाण आणि ताकद घटलेली दिसली नाही, आणि रोगप्रतिकारक पेशी तयार करणाऱ्या थायमस ग्रंथीचे कामही बसून राहणाऱ्या समवयस्कांपेक्षा पुष्कळ चांगले आढळले. मात्र ही माणसे वर्षानुवर्षे सायकल चालवत आलेली होती. साठीत सुरुवात करणाऱ्याला हेच सगळे मिळेल असे त्यातून सिद्ध होत नाही.

उशिरा वाढ होऊ शकते का, याचे उत्तर रोबेर मार्शां या फ्रेंच गृहस्थांच्या उदाहरणात मिळते. १९११ मध्ये जन्मलेल्या मार्शां यांनी वयाच्या १०१ ते १०३ या दोन वर्षांत बेताने आखलेला सराव केला, आणि शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता त्या काळात १३ टक्क्यांनी वाढल्याची नोंद झाली. त्यांच्या सरावाचा सुमारे ऐंशी टक्के भाग हलका होता आणि वीस टक्के जोराचा. पुढे २०१७ मध्ये, १०५ व्या वर्षी, त्यांनी एका तासात २२.५४७ किलोमीटर अंतर कापले. विक्रमापेक्षा ते ऐंशी-वीसचे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

वयाने ठळकपणे बदलते ते थकवा भरून निघण्याचे गणित. पस्तिशीत रविवारी दमलेला माणूस मंगळवारी ताजा असतो. साठीत त्याला बुधवार उजाडतो. ज्या आखणीत हा जास्तीचा दिवस धरलेला नाही ती कितीही शास्त्रीय दिसली तरी आपल्यासाठी नाही. तरुणांसाठी लिहिलेले सरावाचे तक्ते जसेच्या तसे उचलण्यातला धोका नेमका हाच आहे.

डॉक्टरांकडे जाताना

सराव वाढवण्याआधी रक्तदाब, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि ईसीजी पाहून घ्यावेत. मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपानाचा इतिहास किंवा घरात हृदयविकार असल्यास ट्रेडमिलवरची चाचणी करावी की नाही, हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता वारंवार आढळते, तीही तपासावी. ‘सायकल चालवू का?’ एवढाच मोघम प्रश्न डॉक्टरांना विचारू नये. ‘मला सलग दहा-बारा तास मध्यम श्रमाने सायकल चालवायची आहे, माझ्या औषधांचे त्या दिवशी काय करायचे?’ असे विचारावे, म्हणजे उत्तरही नेमके मिळते.

औषधांचा प्रश्न खरोखरच महत्त्वाचा आहे. रक्तदाब-हृदयविकारासाठीच्या बीटा-ब्लॉकर गटातील गोळ्या घेणाऱ्यांच्या नाडीचा वेग फारसा वाढत नाही, त्यामुळे घड्याळावरचे आकडे त्यांच्या उपयोगाचे नसतात. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी पाणी आणि क्षार लवकर कमी होतात. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखे औषध चालू असेल तर लांब फेरीत साखर एकदम खाली येऊ शकते. अशा व्यक्तीने ग्लुकोज खिशात ठेवावे आणि सोबत्याला तसे सांगून ठेवावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने डोक्यावर पडल्यास बाहेरून काही दिसत नसले तरी थेट रुग्णालयात जावे. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात पसरणारी कळ, डोळ्यांपुढे अंधारी, किंवा नेहमीच्या चढावर न लागणारी धाप यांपैकी काहीही जाणवले तर त्याच ठिकाणी थांबावे. घरी पोहोचून पाहू, असे म्हणू नये.

वेळ काढणे

एक आठवडा काहीही न बदलता कागदावर दिवसभराची नोंद करावी : किती वाजता उठलो, दूध-पाणी, पूजा, वर्तमानपत्र, फोन, दूरदर्शन, दुपारची झोप, रात्री झोपायला किती वाजले. बहुतेकांना असे दिसते की सलग दोन तास कुठेच नाहीत, पण पाऊण-पाऊण तासाच्या चार-पाच जागा आहेत. मधल्या वारांचा सराव याच जागांत बसवायचा असतो. हिशेब किलोमीटरमध्ये न ठेवता तासांमध्ये ठेवावा, कारण वारा, चढ आणि वाहतूक यांनी किलोमीटर फसवतात आणि घरच्यांना द्यायचा शब्दही तासांचाच असतो.

सुरुवातीला आठवड्याला साडेतीन ते साडेचार तास पुरतात : मधल्या वारी पाऊण ते एक तासाच्या दोन फेऱ्या आणि सुट्टीच्या दिवशी दोन-अडीच तासांची एक. शेवटच्या दोन महिन्यांत हे सात ते नऊ तासांवर जाते, पण वाढ जवळजवळ सगळी त्या एका लांब फेरीत होते. मधल्या वारांची फेरी तासाच्या फारशी पुढे नेण्याची गरज नसते. हे घरी आधीच समजावून सांगितले तर निम्मा विरोध मावळतो.

पहाटेची वेळ सर्वांत भरवशाची असते, कारण त्या वेळी कोणाचे काम निघत नाही. इंदूरच्या अनेक वस्त्यांत नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते आणि त्या वेळी घरात कोणीतरी हजर असावे लागते. मग पाणी नसलेल्या दिवशी सायकल आणि पाणी असलेल्या दिवशी घरातला व्यायाम, अशी सरळ विभागणी करावी. एक दिवसाआड विश्रांती आपोआप मिळते, आणि साठीच्या शरीराला तीच हवी असते. महापालिकेने नकळत आखून दिलेला हा सरावाचा तक्ता कोणत्याही प्रशिक्षकाच्या तक्त्याहून वाईट नाही.

पहाटेचा वेळ आदल्या रात्री कमवावा लागतो. कपडे, मोजे, पाण्याच्या बाटल्या, दिव्यांचे चार्जिंग आणि टायरमधली हवा हे सगळे झोपण्यापूर्वी झाले तर उठल्यापासून पंधरा-वीस मिनिटांत माणूस रस्त्यावर असतो. नाहीतर तासाभराच्या फेरीसाठी तासभर तयारीतच जातो. मात्र हा वेळ झोपेतून कापू नये. सराफ्यात रात्री अकरापर्यंत पाहुण्यांना फिरवायचे असेल तर दुसऱ्या दिवशीची फेरी सरळ रद्द करावी, कारण अपुऱ्या झोपेवर केलेला सराव शरीराला मोडतो आणि त्यातून फायदा काही होत नाही.

नोकरी करणाऱ्यांनी कामावर जाण्यायेण्याचा विचार करावा. घर ते कार्यालय आठ-दहा किलोमीटर असेल तर आठवड्यातून दोन दिवस सायकलने गेल्यावर मधल्या वारांचा सगळा सराव होतो आणि वेगळा वेळ जवळजवळ लागत नाही. संध्याकाळची राजवाडा-पलासियाकडची गर्दी या कामाला निरुपयोगी आहे. परतीचा मार्ग दोन किलोमीटर लांबचा पडला तरी मोकळा निवडावा.

सुट्टीच्या लांब फेरीसाठी घराशी स्पष्ट करार हवा. माझ्या मते तीन तासांहून मोठी फेरी दर रविवारी करायची गरजच नाही. एक रविवार लांब फेरीचा, दुसरा दीड-दोन तासांचा, असे धरले तरी पाच महिन्यांत तयारी होते आणि महिन्यातले दोन रविवार घराला जवळजवळ पूर्ण मिळतात. परतण्याची वेळ सांगून निघावे आणि निम्मी वेळ संपली की, कुठेही असलो तरी, सायकल मागे वळवावी. समोरचा वारा परतताना लागणार असेल तर निम्म्याच्या वीस मिनिटे आधीच वळावे. ‘साडेनऊला येतो’ म्हणून अकराला येणाऱ्याचा पुढचा रविवार घरचे सहजासहजी सोडत नाहीत, आणि तक्रारीत तथ्य असते.

सण आणि लग्ने यांच्याशी झगडण्याऐवजी त्यांनाच विश्रांतीचे आठवडे करावे. सराव दसऱ्यानंतर सुरू केला तर दिवाळीचा आठवडा पहिल्या हलक्या आठवड्यावर टाकता येतो. तुळशीच्या लग्नानंतर निमंत्रणांच्या तारखा कळू लागल्या की उरलेले हलके आठवडे त्यांच्यावर बसवावे. उज्जैनची फेरी तर घरच्यांसह साधता येते : आपण पहाटे सायकलने निघावे, घरच्यांनी दोन-अडीच तासांनी गाडीने यावे, महाकालाचे दर्शन एकत्र घ्यावे आणि सायकल गाडीवर टाकून सगळ्यांनी मिळून परतावे. पंचावन्न किलोमीटर होतात, आणि रविवार कोणी एकट्याने पळवला असे कोणाला वाटत नाही.

पावसाळ्यात किंवा पाहुण्यांच्या दिवसांत सायकल घरातच स्टँडवर, ट्रेनरवर, चालवता येते. तिथे वारा नसल्याने घाम फार येतो, म्हणून समोर पंखा हवा, आणि फ्लॅटमध्ये खाली जाड रबरी चटई हवी, नाहीतर खालच्या मजल्यावरचे शेजारी लवकरच वर येतात. ट्रेनरवरच्या चाळीस मिनिटांना रस्त्यावरच्या तासाइतकेच मोल आहे, कारण सिग्नल आणि उतार यांत वेळ जात नाही.

आठवडा आणि महिने

श्रम मोजायला सर्वांत सोपे साधन म्हणजे बोलणे. पूर्ण वाक्य धाप न लागता बोलता येत असेल तर वेग हलका आहे. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर तो जोराचा आहे. एकूण वेळेचा चार-पंचमांश भाग पहिल्या प्रकारात जावा. २२० मधून वय वजा करून नाडीची कमाल मर्यादा काढण्याची रीत सर्वांना माहीत आहे. ती साठीला १६० देते, तर २०८ मधून वयाच्या सात-दशांश वजा करण्याची दुसरी रीत १६६ देते. दोन्ही सरासरी आहेत आणि प्रत्यक्ष माणूस त्यांच्यापासून दहा-बारा ठोक्यांनी सहज वेगळा असू शकतो, म्हणून आकड्याच्या मागे फार लागू नये.

मधल्या वारांच्या दोन फेऱ्यांपैकी एक संपूर्ण हलकी ठेवावी. दुसरीत पंधरा मिनिटे अंग गरम झाल्यावर तीन-तीन मिनिटे जोराची आणि मध्ये तीन-तीन मिनिटे हलकी, असे चार वेळा करावे; दोन महिन्यांनी जोराचा भाग पाच मिनिटांचा करावा. इंदूर शहर सपाट असल्याने चढ शोधावे लागतात. बिजासन टेकडीचा चढ छोटा पण कामाचा आहे, आणि तोही दूर पडत असेल तर सुपर कॉरिडॉरवर समोरच्या वाऱ्यात जड गिअर टाकून तेच काम होते. गुडघे दुखरे असतील तर मात्र जड गिअर टाळावा आणि पॅडल मिनिटाला ऐंशीच्या आसपास फिरत राहतील असा हलका गिअर ठेवावा.

लांब फेरी ऑक्टोबरात दोन-अडीच तासांची असावी. पुढे दोन आठवडे थोडी वाढ आणि तिसरा आठवडा हलका, हा क्रम ठेवावा. तरुणांना तीन वाढीचे आणि एक हलका चालतो, आपल्याला दोनास एक बरा. नोव्हेंबरअखेर तीन तास, डिसेंबरमध्ये चार ते साडेचार, जानेवारीच्या मध्यापर्यंत सहा तास, म्हणजे साधारण उज्जैन-इंदूरची पूर्ण फेरी, आणि जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या आरंभी आठ तासांची एकच फेरी. त्यापुढे सरावात अंतर वाढवण्याची गरज नाही. दीडशे किलोमीटर व्यवस्थित करणारा दोनशे करतोच, फक्त खाणेपिणे सांभाळावे लागते. मोठ्या दिवसाआधीचे दहा-बारा दिवस सरावाचे तास निम्मे करावे. मध्ये आठवडाभर ताप आला किंवा गावाला जावे लागले तर राहिलेले भरून काढू नये; जिथे सोडले त्याच्या एक पायरी मागून सुरू करावे.

सायकल चालवताना वजन सीटवर असते, त्यामुळे हाडांना हवा तो भार मिळत नाही. नुसतीच सायकल चालवणाऱ्याची हाडे पक्की राहतीलच असे नाही. म्हणून आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, जिन्याच्या पायरीवर चढ-उतार, भिंतीला टेकून जोर, आणि एका पायावर तोल सांभाळणे हे करावे. सूर्यनमस्कार घालणाऱ्यांनी ते चालू ठेवावे. दिवसभर वाकून बसणाऱ्या पाठीला त्याहून चांगले काही नाही.

सायकलीबद्दल थोडेसे

घरात चांगल्या स्थितीतली हायब्रिड सायकल असेल तर नवी घेण्याची घाई करू नये. टायर किमान २८ मिलिमीटर, शक्य असल्यास ३२ किंवा ३५ चे असावेत. रुंद टायरने वेग फारसा घटत नाही, पण मनगटांना आणि पाठीला बसणारे हादरे पुष्कळ कमी होतात. पुढचे लहान चक्र ३४ दात्यांचे आणि मागचे सर्वांत मोठे ३४ किंवा त्याहून जास्त दात्यांचे असले की घाटात उतरून चालावे लागत नाही.

सीटची उंची मात्र नीट लावावी, कारण गुडघ्याच्या निम्म्या तक्रारी तिथून येतात. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहावे, जांघेत पुस्तक घट्ट धरावे, जमिनीपासून पुस्तकाच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे आणि त्याला ०.८८३ ने गुणावे; दोन्ही पॅडलांच्या दांड्या जिथे जोडलेल्या असतात त्या मधल्या आसापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत तेवढे अंतर हवे. ७६ सेंटिमीटर माप आले तर सीट ६७ सेंटिमीटरवर येते. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर वर; बदल एका वेळी अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त करू नये. हँडल सीटच्या बरोबरीने किंवा किंचित वर असावे. दीड-दोन तासांनी खालच्या भागात बधिरता येत असेल तर ते सहन करण्याची गोष्ट नव्हे. सीटचे टोक किंचित खाली करून पाहावे, मधून खाच असलेली सीट घ्यावी आणि गादी असलेली सायकलची चड्डी आतल्या कपड्यांशिवाय घालावी. मान मागे वळत नसेल तर हँडलच्या टोकाला छोटा आरसा लावावा. तरुण हसतील, हसू द्यावे.

इंदूरचे रस्ते, क्रमाने

पहिले दोन महिने सुपर कॉरिडॉर पुरतो : रुंद, सपाट, आणि पहाटे बऱ्यापैकी मोकळा. त्यानंतर ए. बी. रोडने शिप्रेपर्यंत किंवा देवासपर्यंत जावे. देवास एका बाजूने सुमारे ३५ किलोमीटर आहे. महूची फेरी एका बाजूने सुमारे २३ किलोमीटर पडते, आणि दमदार झाल्यावर तिथून पुढे जानापावच्या चढावर जाता येते. चंबळेचा उगम तिथला मानतात. सायकलस्वाराच्या दृष्टीने या भागातला खरा, सलग चढ तो. उज्जैनचा रस्ता सांवेरवरून जातो आणि सांवेर साधारण मध्यावर असल्याने थांब्यासाठी सोयीचे आहे. २०२८ च्या सिंहस्थाच्या तयारीची कामे त्या रस्त्यावर चालू असतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी.

दक्षिणेकडे नर्मदेच्या बाजूला जाताना भूगोल ध्यानात ठेवावा. इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे, आणि महेश्वरचा नर्मदाकाठ त्याहून जवळजवळ चारशे मीटर खाली, निमाडात. अहिल्याबाईंच्या राजधानीकडे नव्वदेक किलोमीटर जाणे म्हणूनच सोपे वाटते; तेच चारशे मीटर परतताना, दुपारच्या उन्हात, थकलेल्या पायांनी चढायचे असतात. पहिल्या खेपेस तिथे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पहाटे परतावे. ए. बी. रोडवरच्या घाटात भरलेले ट्रक उतरतात आणि त्यांचे ब्रेक तापलेले असतात, म्हणून घाट उजेडातच पार करावा. खंडवा रोडने सिमरोल, भेरूघाट, चोरल आणि बडवाह करत ओंकारेश्वरला जाणारा मार्ग देखणा आहे, पण अरुंद वळणांवर बसेस अंगावर येतात. एकट्याने जाऊ नये.

डिसेंबर-जानेवारीत इंदूरला सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे साडेपाचला निघणारा दीड तास अंधारात असतो. पुढे पांढरा दिवा, मागे सतत जळणारा लाल दिवा, चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट आणि हेल्मेट यांशिवाय निघू नये. ब्रेव्हेतही ही साधने मागतातच. पहाटे मंडीकडे निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो आणि त्या अचानक समोर येतात. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत गावाजवळच्या रस्त्यावर माल वाळत घातलेला असतो, त्यावरून चाक घसरते. कुत्री मागे लागली तर वेग वाढवण्याऐवजी उतरावे आणि सायकल मध्ये धरून चालत पुढे जावे. या वयात कुत्र्याच्या चाव्यापेक्षा घाईने पडण्याची इजा जास्त महागात पडते.

खाणे आणि पाणी

इंदूरकराला पोह्यांचे कौतुक सांगावे लागत नाही, आणि निघण्याच्या तासभर आधी कमी तेलाचे बशीभर पोहे हे खरोखरच योग्य खाणे आहे. वरची शेव मात्र परतल्यावर. जिलबी आणि कचोरीही तेव्हाच. तेलकट पदार्थ पोटात रेंगाळतात आणि चढावर त्रास देतात. दीड तासाहून लांब फेरीत दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके जायला हवीत. एका मध्यम केळ्यातून साधारण २५ ग्रॅम मिळतात. केळी, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, तुपाची दशमी यांतले आलटून-पालटून काहीतरी दर अर्ध्या तासाला थोडे खावे. भूक लागल्यावर खायला बसलात तर उशीर झालेला असतो.

वयाबरोबर तहानेची जाणीव बोथट होते, म्हणून पाणी घड्याळावर प्यावे : थंडीत तासाला सुमारे अर्धा लिटर, उन्हात पाऊण लिटर. तीन तासांनंतर एका बाटलीत ओआरएस घालावे. पुडी ज्या प्रमाणासाठी आहे त्याच प्रमाणात पाणी घ्यावे. नुसते साधे पाणी फार प्यायल्याने रक्तातले सोडियम उतरू शकते, विशेषतः लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांचे. उच्च रक्तदाबवाल्यांनी क्षारांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

मराठी शाकाहारी ताटात कमी पडतात ती प्रथिने. या वयात सराव करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे १.२ ग्रॅम हवीत, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ७२ ग्रॅम. अर्ध्या लिटर दुधातून सोळाएक, शंभर ग्रॅम पनीरमधून अठराएक ग्रॅम मिळतात. बाकी वरण, उसळ, दही, आणि चालत असल्यास अंडी यांतून भागवावे. सगळे रात्रीच्या जेवणात न भरता तिन्ही वेळी वाटून घ्यावे, कारण उतारवयात एका वेळी थोड्या प्रथिनांना स्नायू फारसे दाद देत नाहीत.

मोठा दिवस आणि त्यानंतर

ब्रेव्हेच्या पहिल्या वीस किलोमीटरमध्ये सगळे पुढे जातात, जाऊ द्यावे. पहिले शंभर किलोमीटर असे चालवावे की शेजाऱ्याशी गप्पा चालू राहाव्यात. प्रत्येक कंट्रोलवर, म्हणजे मार्गातल्या ठरलेल्या तपासणीच्या ठिकाणी, आधी शिक्का किंवा पुरावा, मग पाणी, मग खाणे, असा ठरलेला क्रम ठेवावा आणि पंधरा मिनिटांत निघावे. दोन ट्यूब, पंप, टायर काढायच्या पट्ट्या, औषधे, ओळखपत्र आणि घरच्या एका फोन नंबरची चिठ्ठी जवळ असावी. घरातल्या किंवा मित्रमंडळातल्या एकाला गाडी घेऊन येण्यासाठी आधीच सांगून ठेवावे, आणि कोणत्या परिस्थितीत त्याला फोन करायचा हेही निघण्यापूर्वीच ठरवावे. थकलेल्या डोक्याने रस्त्याच्या कडेला घेतलेले निर्णय चुकतात. सोडायचे ठरले तर कंट्रोलवर सोडावे, म्हणजे सावली, पाणी आणि माणसे असतात.

त्यानंतरचे तीन-चार दिवस फक्त चालावे, आणि दोन आठवडे जोराची फेरी करू नये. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वीची नाडी रोज लिहून ठेवावी. ती नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी वर असेल तर शरीर अजून भरून आलेले नाही असे समजावे आणि त्या दिवशीचा सराव सोडावा. हृदयाचे ठोके अनियमित वाटू लागले तर ईसीजी काढावा, कारण वर्षानुवर्षे दीर्घ श्रम करणाऱ्या पुरुषांमध्ये हा दोष काहीसा जास्त आढळतो. ३०० किलोमीटरचा विचार करायचा असेल तर तो नाडी पूर्ववत झाल्यावर करावा. त्यात २० तास मिळतात, म्हणजे काही तास रात्रीचे असतात, म्हणून आधी सोबतीने चार-पाच रात्रीच्या फेऱ्या कराव्या. मार्चअखेरपासून माळव्यात ऊन चढू लागते, त्यामुळे ती तारीख पुढच्या हिवाळ्यात धरलेली बरी.